न पाहिलेलं पाणी

दिखौ नदीच्या काठी पाण्याची पट्टी बघणारे डिंबेश्वर खुरा, म्हणजे डिंबेश्वर काका. माणूस कसला, घड्याळच! सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी पाच. पायऱ्या उतरायच्या, पट्टीवरचा आकडा वहीत टिपायचा. एकतीस वर्षं. मुलीच्या लग्नात वरात दारात उभी आणि हे नदीवर. बायको म्हणालीही, "तुमचं लग्न नदीशीच लावायला हवं होतं."

आता त्या वह्या संगणकात जायच्या होत्या. त्यासाठी रिनिकी नावाची तरुण इंजिनियर खुरांच्या ओसरीवर बसली होती. नदीवरच्या चारही मापन-ठाण्यांच्या नोंदी जुळल्या, की पूर कधी येईल, किती चढेल, हे खालच्या गावांना आधीच कळणार होतं.

"खुरा, गंमत बघा," ती म्हणाली. "या एका श्रावणात वरच्या तिन्ही ठाण्यांवर पाणी चढलंय आणि तुमच्याकडे तीन दिवस उतरतंय. वरच्यांनी झोपेत लिहिलंय वाटतं! त्यांचेच आकडे काढून टाकते. तुमची वही काही चुकायची नाही."

खुरांच्या तोंडातली सुपारी तशीच राहिली. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण मग संगणक खोटं शिकला असता आणि पुढच्या पुरात खाली इशारा उशिरा पोचला असता. बोलावं, तर एकतीस वर्षं गेली पाण्यात.

"त्यांचं खरं आहे, पोरी," ते म्हणाले. "आई गेली होती. तिसऱ्याचा विधी होईपर्यंत मी घराबाहेर पडलो नाही. वही कोरी दिसू नये म्हणून चौथ्या दिवशी अंदाजानं भरली. इथं ऊन होतं. म्हटलं, उतरलं असेल. डोंगरातल्या पावसाचं ध्यानातच आलं नाही. महिन्यानं कळलं, खाली शेतं बुडाली होती. तेव्हाही बोललो नाही."

रिनिकी वहीची पानं मागे उलटत म्हणाली, "आता बाकीच्यावर विश्वास कसा ठेवू?"

"नको ठेवूस. एकेक तपास."

पाच दिवस दोघं वरच्या ठाण्यांच्या नोंदींशी वह्या ताडून बघत बसली. बाकी सगळं जुळलं.

"ते तीन दिवस कोरे ठेवते," ती म्हणाली.

"कोरे नको. कोऱ्या जागी माझ्यासारखाच कुणीतरी काहीतरी भरेल."

खुरांनी पेन मागून घेतलं, तिन्ही आकडे खोडले आणि शेजारी तीनदा लिहिलं: पाणी पाहिलं नाही. खाली सही केली.

पाच वाजत आले होते. चष्मा पुसून ते पायऱ्या उतरू लागले.