तेलावरचा भरवसा

वेरावळ बंदरात खीमजी जुंगीला सगळे तेलवाला म्हणत, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. मासेमारी बोटीवर इंजिन सांभाळणारा तो ड्रायव्हर. खीमजी ‘सिकोतर कृपा’ या बोटीचा ड्रायव्हर होता. त्याच्या मते जगातली निम्मी दुखणी कोरडेपणाची होती. दाराच्या बिजागऱ्या, स्वतःचे गुडघे, देवळातली घंटा, सगळ्यांना त्याचं तेल लागलेलं. थोरल्या मुलीच्या लग्नात मांडवातला पंखा कुरकुरला, तेव्हा तो कन्यादानाच्या पाटावरून उठून शिडी आणायला गेला. बायको रळियात त्यावर काही बोलली नाही. लग्न लागेपर्यंत तरी नाही.

रळियातचा धाकटा भाऊ मेघजी स्वतःच्या बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान. खीमजी आधी त्याच्याच बोटीवर होता. एकदा त्याने इंजिनात खुणेच्या बरंच वर तेल ओतलं. त्याचा फेस झाला, सील फुटलं आणि इंजिनखोलीची घसरगुंडी झाली. मेघजीने त्याला उतरवलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. सणावारी निरोप रळियातमार्फत जात.

‘सिकोतर कृपा’वर ट्रकचं जुनं इंजिन होतं. क्रँक म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा; त्याच्या पुढच्या टोकाला डॅम्पर: जड लोखंडी कडं, आत रबर. एका वर्षी पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपत आली आणि त्याच वेळी रबर कुजून कडं निसटायला लागलं. नवा डॅम्पर राजकोटहून यायचा होता. बाकीच्या बोटी बर्फ भरत होत्या. बंदरातली इंजिनं दुरुस्त करणारा उमर मिस्त्री थांबा म्हणाला. खीमजीने तांडेल प्रेमजीला सांगितलं की डॅम्परच्या जागी लेथवर साधी पुली करून बसवू, बाकीचं मी तेलाने सांभाळतो. प्रेमजीलाही तेच ऐकायचं होतं.

इंजिन चाललं. फक्त एका ठरावीक वेगाला पुढच्या गिअरमधून खडखड येई. खीमजीने जाड तेल घातलं आणि खडखड दबली. राजकोटचा डॅम्पर आला, तो उमरच्या फळीवर पडून राहिला. चालतं इंजिन कोण खोलणार?

पुढच्या हंगामात, कच्छच्या टोकाला जखौ बंदराच्या पुढे जाळं ओढत असताना खालून सुपारी फोडल्यासारखा आवाज आला आणि इंजिन थांबलं. खीमजीने आधी तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल बरोबर खुणेवर होतं. मग त्याने मागचं फ्लायव्हील फिरवलं, तर पुढची पुली जागची हलेना. क्रँकचे दोन तुकडे झाले होते.

वारा बोटीला पाकिस्तानच्या हद्दीकडे नेत होता. वेरावळातल्या घराघरांतली माणसं तिकडच्या तुरुंगात गेली होती. परत आलेली त्याहून कमी. नांगर चिखलात धरेना. प्रेमजी वायरलेसवर हाका मारत राहिला आणि खलाशी ताडपत्र्या शिवून शीड करायला बसले. खीमजीला कुणी बोल लावला नाही, आणि तेच त्याला झेपेना. तो वर येऊन म्हणाला, “पुली माझ्या डोक्यातली. कराचीत विचारलं तर माझं नाव सांगा.”

“तिथं पुलीचं कोण विचारतंय?” प्रेमजी म्हणाला. “शीड धर.”

सकाळी जी बोट ओढून न्यायला आली ती मेघजीची होती. वायरलेसवर त्याचा आवाज आला: “दोरी फेकतोय. दाजींना म्हणावं, तिला तेल लावू नका.”

कित्येक वर्षांतलं हे पहिलं बोलणं. खीमजीने दोरीची गाठ स्वतः मारली.

किनाऱ्यावर उमरने तुटलेला क्रँक पुसून त्याच्या हातात दिला. तुटल्या जागी शिंपल्यावर असतात तशा बारीक रेघा होत्या, एकीपुढे एक. कडेचा थोडा भाग तेवढा ताजा, खरखरीत.

“हे एका दिवसात तुटलेलं नाही,” उमर म्हणाला. “सिलिंडर पेटला की क्रँक पिळला जातो नि सुटतो, ओल्या लुंगीसारखा. एका वेगाला त्या पिळाला ताल सापडतो. डॅम्पर स्वतः तापून तो ताल मोडतो. तो काढल्यापासून ही चीर वाढत होती.”

“आणि तेल?”

“तेल लोखंडावर लोखंड घासू देत नाही. लोखंडाच्या आत ते शिरत नाही, खीमजीभाई. तुमच्या तेलाने आवाज तेवढा झाकला.”

खीमजीने तो तुकडा उलटसुलट करून पाहिला. ज्या इंजिनाशेजारी बसून आपण रोज जेवलो, त्याला आतून काय होत होतं ते आपल्याला कळलं नाही, याचं त्याला वाईट वाटलं. नवा क्रँक बसला, फळीवरचा डॅम्परही बसला.

मग रळियातने त्याला भावाच्या घरी नेलं. बाजरीचा रोटला आणि सुक्या बोंबलाचं कालवण खाऊन झाल्यावर खीमजीने विचारलं, तुझा डॅम्पर किती जुना? मेघजी म्हणाला, इंजिनाबरोबर आलेला, चालतोय की. हंगाम संपला की बघू.

खीमजीने वाद घातला नाही. हात धुतले, धक्क्यावर जाऊन तो मेघजीच्या इंजिनखोलीच्या झाकणावर मांडी घालून बसला. खलाशी बर्फ घेऊन आले, तरी उठला नाही. मेघजीने बहिणीला बोलावून आणलं.

“मला नको सांगूस,” रळियात म्हणाली. “मी यांना पंचवीस वर्षं उठवतेय.”

शेवटी उमरला बोलावणं गेलं. त्याने कड्याच्या आतलं रबर नखाने दाबलं, तर त्याचा चुरा हातात आला. नवा डॅम्पर बसवून बोट उशिरा निघाली आणि मासळीचा पहिला, चढा भाव हुकला. मेघजीने भर धक्क्यावर दाजींना चार शब्द सुनावले, दाजींनी सहा परत केले. दोघांचं बोलणं पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं ते असं.