धुळे कार्यालयात तयार झालेलं कर्नेल

नव्वदचं दशक संपत आलं तरी आमच्या दैनिकाच्या धुळे कार्यालयातल्या बातम्या जळगावला एस.टी.नं जात होत्या. मजकूर टाइप करून फ्लॉपीवर घ्यायचा, छायाचित्रं वेगळ्या लिफाफ्यात घालायची, सगळं एका खाकी पाकिटात भरायचं आणि पाकीट संध्याकाळच्या जळगाव गाडीच्या चालकाकडे द्यायचं. पारोळा, एरंडोल करत ते जळगाव स्थानकावर पोचलं की आमचा तिथला शिपाई उतरवून घेई. छपाई जळगावलाच होती. गाडी सुटल्यानंतर धुळ्यात जे घडे ते दुसऱ्या दिवशीच्या अंकात नसे. नगरपालिकेची सभा लांबली तर सभा सुरू झाल्याची बातमी यायची, निर्णयाची नाही.

कार्यालयात आम्ही तिघं होतो. प्रमुख वार्ताहर, ज्यांना सगळं गाव आबा म्हणे. टाइपिंग करणाऱ्या अक्का. आणि जळगावहून पाठवलेला मी, उपसंपादक. अक्का ऐंशीच्या दशकात छपाईचे खिळे जुळवायच्या. खिळे गेले आणि संगणक आला तेव्हा त्यांनी मराठी कळफलक कोणाच्या मदतीशिवाय शिकून घेतला. त्यांच्या वेगानं टाइप करणारं माणूस मुख्य कार्यालयातही नव्हतं. मी मुख्य कार्यालयातूनच आलो होतो, त्यामुळे हे खात्रीनं लिहू शकतो.

उन्हाळ्याच्या तोंडावर मालकांचा निरोप आला. पावसाळ्याआधी टेलिफोनवरून मजकूर पाठवण्याची सोय झाली नाही तर धुळ्याचं पान जळगावलाच टाइप होऊन लागेल. आबांनी आणि मी बातम्या फोनवर सांगायच्या. अक्कांची बदली जळगावला. अक्कांचे यजमान एस.टी.त चालक होते आणि आठवड्यातले बरेच दिवस मुक्कामी गाडीवर असत. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. बदलीचा अर्थ राजीनामा होता. 

अक्का निरोप वाचून अहिराणीत म्हणाल्या, "मनी खुर्चीले चाकं शेतस. मालकांले सांगा, ढकलत लई जा जळगावले."

आबा हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही त्या डब्याचं काहीतरी करा."

डबा म्हणजे आमचा एकुलता एक संगणक. जळगावला नवे आले तेव्हा काढून टाकलेला ४८६ जातीचा, आठ एमबी मेमरीचा. मुख्य कार्यालयानं मोडेम दिला होता, पण त्यानं प्रश्न सुटत नव्हता. यंत्र ज्या डॉस प्रणालीवर चाले तिच्यात एका वेळी एकच काम व्हायचं. धुळ्याच्या टेलिफोन लाइनवरून पानाचा मजकूर आणि छायाचित्रं जायला बराच वेळ लागे आणि तोवर टाइपिंग बंद. संध्याकाळी, जेव्हा टाइपिंगची खरी गरज, तेव्हाच अक्का हात बांधून बसणार.

एका संगणक मासिकाबरोबर आलेली लिनक्स या मोफत संगणक प्रणालीची सीडी माझ्याकडे होती. लिनक्स एकाच वेळी दोन कामं करू शकत होतं, शिवाय त्याच्या पोटात डॉसचा मराठी टाइपिंगचा कार्यक्रम चालवता येत होता. जळगावहून सीडी ड्राइव्ह उसना आणला आणि लिनक्स टाकलं. आधी खिडक्यांचा डेस्कटॉप लावून पाहिला. चित्र डावीकडे सरकून निम्मं कडेबाहेर गेलं आणि मॉनिटर शिट्टी मारू लागला. मॉनिटरच्या पाठीवरच्या पट्टीवर छापलेले आकडे उतरवून घेतले, ते बरोबर भरले, चित्र जागेवर आलं. मग अक्कांनी टाइप करून पाहिलं. अक्षर दाबल्यावर ते पडद्यावर उमटायला एवढा उशीर होत होता, की त्या पुढच्या शब्दावर पोचलेल्या असत.

आबा मागे उभे होते. "अक्का, तुम्ही टाइप करीसन घर चालना जा. अक्षरं येतीन मांगून."

डेस्कटॉप काढून टाकला. दोन काळे पडदे ठेवले: एका कळीनं टाइपिंगचा, दुसऱ्या कळीनं पाठवणीचा. तरीही यंत्र जड चाले. कारण कर्नेल. कर्नेल म्हणजे या प्रणालीचा गाभा. यंत्राच्या प्रत्येक भागाशी तोच बोलतो. सीडीवरचं तयार कर्नेल कुठल्याही यंत्रावर चालावं म्हणून केलेलं होतं. आमच्याकडे नसलेल्या असंख्य वस्तूंची सोय त्यात होती आणि आठ एमबीतली बरीच जागा ती सोयच अडवून बसली होती. उपाय एकच. नको ते वगळायचं आणि आपल्या यंत्रापुरतं कर्नेल त्याच यंत्रावर नव्यानं कंपाइल करायचं, म्हणजे मूळ आज्ञावलीपासून पुन्हा घडवायचं. नव्या संगणकावर हे काम पटकन होई. आमच्याकडे अख्खी दुपार लागणार होती.

दुपार मोकळीच असे. मे महिन्यात धुळ्यात जेवणानंतर ऊन उतरेपर्यंत कोणी कोणाकडे जात नाही, वार्ताहरही नाही. जेवायला घरी जाताना कंपाइल सुरू करायचं आणि परतल्यावर पाहायचं, असं ठरलं.

पहिल्या दिवशी परत आलो तर काम मध्येच थांबलेलं. पडद्यावर एक ओळ: अमुक फाइल कंपाइल करताना कार्यक्रम 'सिग्नल ११' नं बंद पडला. सीडीवरून घेतलेली प्रत खराब असेल म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा उतरवून घेतलं. पुन्हा सिग्नल ११, पण फाइल वेगळी. वीज जात नव्हती असं नाही; पण वीज गेली की यंत्र बंद पडतं. इथे यंत्र चालू होतं, फक्त काम थांबलेलं होतं.

थांबलेलं काम तिथूनच पुढे सुरू करता येत होतं. तसं केलं. ऊन उतरल्यावर, मी बातम्या तपासत बाजूला बसलेलो असताना ते पुढे जाई, दुसऱ्या दुपारी पुन्हा अडे. असं तुकड्यातुकड्यानं एक कर्नेल तयार झालं. सुरूही झालं. जळगावला नंबर लावला, पलीकडून मोडेमनं उत्तर दिलं आणि त्याच क्षणी आमचं यंत्र गोठलं. कळफलक मेला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. काम अडण्याआधी कुठे काय चुकीचं लिहिलं गेलं होतं हे शोधणं अशक्य होतं. ते कर्नेल टाकून दिलं.

जळगावच्या संगणक विभागाला फोन केला. "मेमरी खराब असेल. किंवा यंत्रच," तिकडून उत्तर आलं. "असंही आता पान इकडेच येणार आहे ना? कशाला त्रास घेता?"

अक्का समोर टाइप करत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

मेमरीचे तुकडे काढून जागा बदलून बसवले. फरक पडला नाही. तेव्हा आबांनी विषय हातात घेतला. त्यांना संगणक येत नव्हता, चौकशी येत होती. "एखादा साक्षीदार रोज एकच खोटं सांगत असेल तर कोणीतरी त्याला शिकवलेलं असतं," ते म्हणाले. "रोज वेगळं सांगत असेल तर तो घाबरलेला असतो. हा रोज वेगळी फाइल सांगतो. म्हणजे फाइलींचा दोष नाही. याला कसला तरी त्रास आहे."

मग आम्ही प्रत्येक दिवसाची माहिती एखाद्या गुन्ह्याच्या बातमीसारखी तपासली: कधी अडलं, तेव्हा खोलीत कोण होतं, कोण नव्हतं. उत्तर सरळ निघालं. काम अडलं तेव्हा दर वेळी खोली रिकामी होती. कोणी बसलेलं असताना ते एकदाही अडलं नव्हतं.

"हा तर आपल्या तालुक्याच्या वार्ताहरांसारखा शे," आबा म्हणाले. "डोक्यावर बसा तवय काम करस."

विनोद सोडला तर माहिती पक्की होती. दुसऱ्या दिवशी जेवणाचे डबे कार्यालयातच आणायचे आणि कंपाइल सुरू असताना कोणीच हलायचं नाही, असं ठरलं. अक्कांनी शेजारणीला सासूबाईंकडे बसवलं.

जेवणाच्या वेळी काम सुरू केलं. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. आबांनी जेवणाचा डबा उघडला. अक्का नेहमीच्या सवयीनं कपाटापाशी गेल्या, तिथून एक जाड पांढरी घडी काढून आणली, यंत्रापाशी आल्या आणि थबकल्या.

"आज तुम्ही बसेल शेतस," त्या म्हणाल्या. "मग आज खोळ नको."

घडी त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकली.

खोळीची हकिकत सांगायला हवी. आमच्या खाली गाद्या भरण्याचा कारखाना होता. कापूस पिंजण्याचं यंत्र दिवसभर चाले आणि त्याची पिंज जिन्यानं वर येई. कळफलकात, फ्लॉपीच्या फटीत, चहात. अक्कांनी गादीवाल्याकडून मांजरपाट आणून यंत्राला आणि वरच्या मॉनिटरला मिळून एक खोळ शिवली होती. कडा दुमडलेल्या, वायरींसाठी खाली नेमकी खाच. जळगावच्या नव्या संगणकांवरही इतकी नीटस खोळ नव्हती. यंत्रावर कोणी बसलेलं नसलं की खोळ घालायची, हा त्यांचा नियम. दुपारी कार्यालय सोडणाऱ्या शेवटच्या त्याच असत. परत येऊन खोळ वर करून पडदा मीच पाहत असे. हाताला गरम वाफ लागे, पण मे महिन्यात धुळ्यात लोखंडाच्या कुठल्याही वस्तूला हात लावला की तसंच लागतं. यंत्राचा पंखा मागच्या बाजूनं हवा बाहेर टाकतो आणि ती बाजू मांजरपाटानं झाकलेली असते, आणि हवा कोंडून तापलेलं यंत्र चुका करतं, याकडे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

मी खोळीकडे पाहिलं, मग यंत्राच्या पाठीकडे. अक्कांनीही पाहिलं. बोलल्या त्याच.

"म्हणजे मी रोज त्याचा गळा दाबत होते."

"गळा नाही, नाक," आबा म्हणाले. "त्यानं नाक मांगे शे, हाई तुम्हले कोनी सांगं?"

त्या दुपारी कर्नेल सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकदाही न अडता तयार झालं. ऊन तेच होतं, मेमरी तीच होती. मी नव्या कर्नेलनं यंत्र सुरू करायला निघालो, तर आबांनी थांबवलं.

"एका माणसाच्या सांगण्यावर आपण बातमी छापतो का?"

म्हणून दुसऱ्या दुपारी मुद्दाम खोळ घालून, पडद्यापुरती पुढून दुमडून, पुन्हा कंपाइल केलं. तिघंही समोर बसलो. काम निम्म्यावर गेलं नव्हतं, सिग्नल ११ आला. डोक्यावर बसून उपयोग नव्हता, हेही सिद्ध झालं. आबा समाधानानं उठले आणि पान खायला गेले.

अक्कांनी खोळ उसवली. पंख्यापुरता मागचा भाग कापला, कडेला दुहेरी शिलाई घातली आणि त्यावर गादीवाल्याकडचीच विरळ जाळी लावली. पिंज अडेल, हवा जाईल. कंपाइल चालू असताना खोळ घालायचीच नाही, हा नवा नियम त्यांनी स्वतः केला आणि आम्हालाही पाळायला लावला. कंपाइलच्या आज्ञाही त्यांनी वहीत उतरवून घेतल्या आणि पावसाळ्यापर्यंत त्या मला न विचारता चालवू लागल्या.

न अडता तयार झालेलं नवं कर्नेल सीडीवरच्या जुन्याच्या निम्म्याहूनही लहान होतं. मेमरी मोकळी झाली. पाऊस अजून दूर होता, तेव्हा आम्ही जळगावला कळवलं की आजचा मजकूर फोनवरून येईल. खाकी पाकीट भरलंच नाही. आबांचा विरोध होता; पाकीट भरून ठेवा आणि गाडी थोडी थांबवा, चालक ओळखीचा आहे, असं त्यांचं म्हणणं. अक्का म्हणाल्या, पाकीट भरलं तर आपलाच विश्वास नाही असा अर्थ होतो. गाडी पाकिटाशिवाय सुटली.

मोडेमनं नंबर लावला, मग तो किंचाळला आणि जोडला गेला. यंत्र गोठलं नाही. एका पडद्यावर पाठवणीचे आकडे पुढे जात होते. कळ दाबून अक्का दुसऱ्या पडद्यावर गेल्या आणि बाजार समितीची बातमी टाइप करू लागल्या. अक्षर दाबल्याबरोबर उमटत होतं. त्या बातमीचा शेवटचा परिच्छेद टाइप होत असताना पाठवणी संपली, लाइन मोकळी झाली आणि फोन खणखणला. जळगावचा संगणक विभाग होता, कशाला त्रास घेता म्हणणारा तोच आवाज.

"आलं सगळं. छायाचित्रंसुद्धा. अजून काही आहे का?"

"आहे," मी म्हणालो. "टाइप होतंय."

"पाठवतानाच टाइप होत होतं?"

"हो."

 आमच्या सगळ्या जिल्हा कार्यालयांत हे पहिल्यांदा धुळ्यात झालं, तेही जळगावनं टाकून दिलेल्या यंत्रावर. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा अंक घेऊन आग्रा रोडवर चहाच्या टपरीवर बसले आणि आदल्या संध्याकाळची बातमी जो येईल त्याला वाचून दाखवत राहिले.

बदलीचा विषय पुन्हा निघाला, पण वेगळ्या तऱ्हेनं. पावसाळा सुरू झाल्यावर मालक स्वतः धुळ्याला आले. यंत्र पाहिलं, खोळ पाहिली, पाठवणी चालू असताना अक्कांचं टाइपिंग उभं राहून पाहिलं. मग म्हणाले, धुळ्याचं पान इथेच राहील. आणि अक्कांना म्हणाले, "चाळीसगावचं यंत्रही असंच जुनं आहे. तुम्ही जळगावला या. संगणक विभागात वरची जागा देतो. सगळ्या कार्यालयांची यंत्रं तुमच्याकडे."

आबा खिडकीबाहेर पाहू लागले.

अक्कांनी टाइप होत असलेलं वाक्य पूर्ण केलं. "साहेब, मला हलवण्यापेक्षा यंत्र हलवणं सोपं पडेल," त्या म्हणाल्या. "त्याच्या घरी कोणी आजारी नाही. चाळीसगावच्या लोकांना सांगा, सकाळच्या गाडीनं पाठवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार करून परत देते. आणि येताना त्यावर काही झाकू नका म्हणावं."

मालक तयार झाले. त्याच आठवड्यात चाळीसगावचा संगणक एस.टी.च्या टपावरून नव्हे, चालकाशेजारच्या जागेवरून धुळ्याला आला. त्याचं कर्नेल अक्कांनी एकटीनं केलं. मी फक्त स्क्रूड्रायव्हर दिला.