फ्रीजचा मधला कप्पा

दादाचा फोन सकाळी आला. "वहिनी गेली गं तुझी," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. झोपेतच हृदय थांबलं होतं. त्याच्या घरी नागावला पोचेपर्यंत मला ते पटत नव्हतं. आदल्याच रविवारी तिने मला चुलीसमोर बसवून गरम भाकऱ्या खायला घातल्या होत्या, त्याही माझ्या वजनावरून टोमणे मारत.

शैलावहिनीला सोरायसिस होता. तळहातांवर जाड लालसर चट्टे, त्यांना भेगा पडून रक्त यायचं. हा आजार कोणाला लागत नाही, हे सांगून ती दमली होती. वाडीत होमस्टे सुरू केला तेव्हा लोक तिने थापलेल्या तांदळाच्या भाकरीसाठी यायचे. एकदा एका बाईंनी तिचे हात पाहिले आणि ताट सरकवून उठल्या. त्यानंतर वहिनी पाहुण्यांसमोर येईना. त्या बाईंचा मला अजून राग येतो. मलमं झाली, गोळ्या झाल्या, कोणी सांगितलेला पालाही लावून झाला. शेवटी अलिबागच्या डॉक्टरांनी बायोलॉजिक इंजेक्शन सुचवलं. शरीराची राखण करणारी फौजच कातडीवर उलटते आणि हे औषध त्या फौजेला जाणारा एक ठरावीक निरोप अडवतं, असं त्यांनी समजावलं. दबलेला क्षय डोकं वर काढू नये म्हणून आधी त्याची तपासणी झाली. काही महिन्यांत तळहात स्वच्छ झाले आणि वहिनी पुन्हा चुलीपुढे बसली, बाह्या वर सरकवून, सगळ्यांच्या देखत.

इंजेक्शन थंड राहायला हवं, पण गोठायला नको. फ्रीजचा मधला कप्पा तिने त्यालाच दिला होता. तिथे कोणी कोथिंबीर ठेवली तरी तिचा आवाज चढायचा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर वादळी पाऊस झाला आणि वीज गेली ती आलीच नाही. वहिनी उरणला माहेरी अडकलेली, डोस जवळ आलेला, पाहुणे ठरलेले. दादा घाबरला. आमच्या घरात मासळीसारखी जपायची गोष्ट बर्फात जाते. त्याने इंजेक्शन मासळीच्या थर्मोकोलच्या पेटीत घातलं.

वहिनी परतली तेव्हा मी तिथेच होते. तिने इंजेक्शन उजेडाला धरलं. आतलं औषध नितळ दिसत होतं. पण गोठून वितळलेलंही तसंच दिसतं आणि ते निकामी झालेलं असतं. तिने विचारलं, "अहो, बर्फाला टेकलं होतं का?"

दादाने नाही म्हटलं असतं तर तिने ते टोचून घेतलं असतं.

"व्हय," तो म्हणाला. "वरनं पण बर्फ टाकला मी. सुरमईला टाकतो तसा..."

वहिनीने इंजेक्शन खाली ठेवलं. मग म्हणाली, "खोटं बोलला न्हाय, हे बरं केलंत. पण मी सुरमई न्हाय हो!" आणि तिला रडू फुटलं.

दुसरं इंजेक्शन मिळायला दिवाळी उलटली. तोवर चट्टे परतले होते. तरी ती पाहुण्यांसमोर भाकऱ्या थापायला बसली. "ज्याला नको, त्याने पाव खावा," असं तोंडावर सांगितलं. दोघांतिघांनी खाल्ला पाव. पण ती उठली नाही. ती मला त्या दिवशी जितकी आवडली, तितकी कधीच आवडली नव्हती.

परवा नागावला गेले होते. मधल्या कप्प्यात तिचं शेवटचं इंजेक्शन तसंच आहे. आम्ही जेवत असताना वीज गेली. दादा ताटावरून उठला, हात धुतले, इंजेक्शनचा डबा पंच्यात नीट गुंडाळला आणि पेटीत बर्फापासून वेगळा ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ गं जरा, टेकत न्हाय ना कुठं?"

मी वाकून पाहिलं. "नाही रे दादा," म्हटलं, "कुठेच टेकत नाही."