अर्नेस्टीनमावशीचा पांढरा पोशाख

अर्नेस्टीनमावशीला नसत्या चौकशा फार. पाद्रीबाबांचा नवा कोट कुठून आला, शेजारणीची सून का रुसली, सगळं तिला कळलंच पाहिजे. आयुष्यभर तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं. आमच्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये मात्र ती 'नर्स' आहे. म्हणजे पांढरा पोशाख, टोपी, हातमोजे घालून उभी राहते. गाण्याच्या भरात कुणाला भोवळ आली तर वारा घालते, अंत्यविधीला रडणाऱ्यांना रुमाल देते. इंजेक्शन बघितलं की तिलाच घाम फुटतो.

त्या गुरुवारी एका अंत्यविधीहून ती तशीच, त्या पांढऱ्या पोशाखात, माझ्या गाडीत बसली. मी माझ्या लेकीला, कियोनाला, दवाखान्यात नेत होते. सोळा वर्षांची पोर, तीनशे दहा पौंड वजन, रक्तात साखर, चार पायऱ्या चढली की धाप. तीन वर्षं डॉक्टर आम्हाला एकच पत्रक देत होता: चाला, पाणी प्या, कोला सोडा. अहो, कोला सोडून पोरीला दोन वर्षं झाली होती!

बाहेर बसल्या बसल्या मावशीनं कियोनाएवढ्याच जाड मुलाला घेऊन शेजारी बसलेल्या गोऱ्या बाईला गाठलं. "तुमच्या मुलाला काय सांगितलं हो?"

"पोट लहान करायचं ऑपरेशन. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी सर्जनकडे जायची चिठ्ठी दिली."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मावशीचे डोळे मात्र चमकले. "मग आपल्याला का नाही गं? चल, विचारू या."

आत तिनं सरळ विचारलं. डॉक्टरनं टोपीपासून बुटांपर्यंत तिला न्याहाळलं आणि खुर्ची पुढे केली. "सिस्टर, तुम्ही आधीच यायला हवं होतं." ड्रॉवर उघडून त्यानं सर्जनच्या नावे चिठ्ठी लिहिली. दोन मिनिटं लागली.

"मावशी, त्याला तू खरी नर्स वाटलीस!" गाडीत कियोना हसून लोटपोट.

"त्यानं विचारलंय कुठे?" मावशी म्हणाली. "पण काय गं, साध्या कपड्यांत असते तर दिली असती?"

तो प्रश्न तिला सोडेना. सर्जनकडे जायच्या आदल्या दिवशी येऊन म्हणाली, "उद्या फुलाफुलांचा झगा घालते. बघू तरी काय म्हणतो!"

"बघूच!" कियोना म्हणाली.

देवाशपथ सांगते, मलाही बघायचं होतं. पण मी मावशीच्या घरी जाऊन तो पांढरा पोशाख आणला, धुतला आणि त्याला कडक इस्त्री केली.

"हाच घाल, मावशी," मी म्हटलं. "टोपीसकट."