चार इंची भिंत

माझा आवाज मोठा आहे हे मला साठीपर्यंत माहीतच नव्हतं. एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात एकतीस वर्षं टर्बाइनच्या मजल्यावर काढली. तिथे सगळेच ओरडून बोलायचे, त्यामुळे कोणी ओरडतोय असं वाटायचंच नाही. कानात घालायला बोळे मिळत. आम्ही ते खिशात ठेवायचो, कारण बोळे घालणारा नवखा समजला जायचा. ही मर्दुमकी पुढे भोवली. रिटायर झालो तेव्हा डावा कान जवळजवळ गेलेला होता आणि उजवा मनात येईल तेव्हा काम करायचा.

क्वार्टर सोडून आम्ही नाशिकरोडला फ्लॅट घेतला. आम्ही दोघंच, मुलगा नोकरीसाठी परगावी. या फ्लॅटच्या स्वयंपाकघराला लागून एक ड्राय बाल्कनी आहे, कपडे-भांड्यांची. शेजारच्यांचीही तिला चिकटून. मध्ये चार इंची भिंत आणि वरच्या भागात जाळी. तिकडे कुकरची शिट्टी झाली की माझी बायको इकडे गॅस बंद करायला उठायची, इतकं सगळं आरपार ऐकू यायचं. म्हणजे तिला. मला नाही.

शेजारी तिघं राहतात. नवरा-बायको आणि त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा सत्तावीस वर्षांची, शाळेत शिक्षिका. माझ्या कानाचं मशीन घ्यायला माझ्यासोबत हीच मुलगी आली होती. माझा मुलगा फोनवरून नुसत्या सूचना देत होता आणि ही शेजारी बसून मला एकेक बटण समजावत होती. मशीन शिट्ट्या मारतं म्हणून मी ते आठ दिवसांत कपाटात टाकलं. जिन्यात भेटली की ती हातवारे करून विचारायची, "काका, मशीन कुठंय?" मी म्हणायचो, "आराम करतंय." तिला हसू यायचं, पण ती रागावलेलीही असायची.

ही मुलगी संध्याकाळी ड्राय बाल्कनीत उभी राहून फोनवर बोलायची. घरात आई-बाबा, टीव्ही चालू. तिला दुसरी जागाच नव्हती. तिचा एकूण एक शब्द माझ्या बायकोच्या कानावर पडायचा. "ऐकायचं नसतं हो, पण कान काय झाकून ठेवू?" असं म्हणत ती रात्री जेवताना मला सगळं सांगायची. मी तोंडाने म्हणायचो, दुसऱ्याच्या घरातलं आपल्याला काय करायचंय. आणि दोन घासांनी विचारायचो, मग पुढे? खोटं कशाला बोलू, बहिऱ्या माणसाला बातमीची भूक जास्त असते.

दिवाळीनंतर त्या मुलीला एक स्थळ आलं. मुलगा अंबडला कंपनीत, घर इगतपुरीचं. पत्रिका जुळली, बघणं झालं, दोन्हीकडून पसंती आली. आणि त्याच आठवड्यात बायको मेथीची जुडी हातात घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. मेथी निवडेना. मी विचारलं काय झालं, तर आधी तिने जाऊन बाल्कनीचं दार लावलं.

मुलीला शाळा-कॉलेजात असताना आकडी यायची. शेवटची आली त्याला आठ वर्षं झाली. रोज रात्री एक गोळी असते, बाकी काही नाही. आई-बाबांचं म्हणणं होतं की लग्न होईपर्यंत हे बोलायचं नाही. मुलीचं म्हणणं होतं की ती लपवून लग्न करणार नाही. रविवारी ती आणि तो मुलगा दोघंच बाहेर भेटणार होते. तेव्हा ती स्वतः त्याला सांगणार होती. हे सगळं तिने फोनवर मैत्रिणीला सांगितलं होतं.

"आणि आज," बायको म्हणाली, "एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती. मला एक गोष्ट सांगायची आहे, आधी पूर्ण ऐकून घ्या. मला वाटलं फोनवर आहे. जाळीतून बघितलं तर फोन खाली कट्ट्यावर. पोरगी सराव करत होती हो."

बायकोचे डोळे भरून आले होते. तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं की आपण हे ऐकलेलंच नाही. मी मान डोलावली. मनापासून डोलावली होती.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. तो मी आवाज पूर्ण वाढवून उजव्या कानाला दाबून धरला. माझा जुना जोडीदार, इगतपुरीचा. अकरा वर्षं आम्ही दोघांनी एकमेकांकडून शिफ्टचा चार्ज घेतला होता. रिटायर झाल्यावर बोलणं तुटलं होतं, म्हणून आवाज ऐकून मला भरून आलं. त्याने मात्र लगेच विषय काढला. ते अंबडच्या कंपनीतलं पोरगं म्हणजे त्याचा पुतण्या.

"तू शेजारीच ऱ्हातो असं कळलं," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय कोणाला इचारू?"

यात वावगं काही नाही. आपल्याकडे लग्न ठरवताना मुलीच्या घरी विचारतात ते वरवरचं, खरी चौकशी शेजाऱ्यांकडेच होते. मी म्हणालो, मुलगी चांगली आहे, घर चांगलं आहे.

"चांगलं तर समदेच सांगत्यात. भावाचं पोरगं हाय, उद्या मला बोल लागंल. चार्ज देतोय असं समज आन् सांग. काय लपवू नको."

या एका शब्दावर मी घसरलो. शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला मशीनची हालत तोंडी सांगतो, त्याला चार्ज देणं म्हणतात. कुठलं बेअरिंग तापतंय, कुठला पंप कुरकुरतोय. चांगलं चाललंय ते सांगितलं नाही तरी चालतं, पण दोष लपवायचा नाही. लपवलेला दोष पुढच्या शिफ्टमधल्या माणसाच्या जिवावर येतो. या माणसाने अकरा वर्षांत माझ्यापासून एकदाही काही लपवलं नव्हतं. त्याच्या शब्दावर मी मशीनजवळ निर्धास्त उभा राहिलो होतो. आता तो मागत होता आणि मी गप्प होतो. ते गप्प बसणं मला चोरीसारखं वाटायला लागलं.

बायको स्वयंपाकघरात होती. मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेलो, दार लावलं, पंखा मोठा केला आणि आवाज अगदी खाली आणून सांगितलं. आकडी यायची, गोळी चालू आहे, आठ वर्षं काही त्रास नाही, पोरगी सोन्यासारखी आहे. रविवारी ती स्वतःच सांगणार आहे, तेवढं थांब.

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. "लय उपकार झाले."

मी फोन ठेवला. मला हलकं वाटलं होतं, हे लिहायला लाज वाटते पण तसंच होतं. दार उघडलं तर समोर बायको. तिचा चेहरा पांढरा पडलेला.

"काय केलंत हे?"

"हळूच बोललो," मी म्हणालो.

"हळू?" ती कुजबुजत बोलत होती आणि मला तिच्या ओठांवरूनच कळत होतं. "तिची आज अर्धी शाळा होती. कपडे वाळत घालत होती. ओली साडी हातात धरून तशीच उभी राहिली. तुम्ही थांबेपर्यंत हलली नाही."

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला माझ्यामुळे तोंड फुटलं होतं.

त्या दुपारी मी तीनदा उठून दारापर्यंत गेलो आणि परत आलो. जाऊन काय सांगणार होतो? मी फोनवर काय बोललो ते तिच्या आईला माहीत नव्हतं, ती तेव्हा बाजारात होती. बायको म्हणाली, आता कृपा करून तोंड उघडू नका. शुक्रवारी सकाळी मी इगतपुरीला फोन लावला. म्हटलं, त्याला निदान रविवारपर्यंत थांबवू.

"आता कशाचं थांबतोय," तो म्हणाला. "मी कालच दादाला सांगून टाकलं. अशी गोष्ट पोटात ठेवायची नसते. तूच शिकवलं ना?"

मी कधी शिकवलं होतं ते मला आठवेना. पण तो खोटं बोलत नसणार.

शुक्रवार, शनिवार भिंतीपलीकडून काही आलं नाही. म्हणजे भांडी, नळ, कुकर सगळं येत होतं, मुलीचा आवाज येत नव्हता. बायको दर तासाने बाल्कनीत जाऊन यायची आणि मान हलवायची. मी तिला विचारायचो आणि ती बोटाने गप्प राहा म्हणून खुणावायची. आपल्याच घरात आम्ही दोघं खुणांनी बोलत होतो. मला पाणी हवं असलं तरी मी पेला उचलून दाखवायचो.

शनिवारी संध्याकाळी लिफ्टपाशी मुलीची आई बायकोला भेटली. मुलाकडच्यांचा निरोप आला होता, पत्रिका जुळत नाही. "आधी सव्वीस गुण जुळले होते हो," ती बाई म्हणाली आणि तिथेच रडायला लागली. मग तिने विचारलं, "कोणी काही सांगितलं असेल का?" माझी बायको नाही म्हणाली. घरी आली, चप्पल न काढता खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, "तुमच्यासाठी आज पहिल्यांदा त्या बाईशी खोटं बोलले." त्या रात्री ती जेवली नाही.

रविवारी अकराच्या सुमारास बेल वाजली. याच वेळेला ती मुलगी त्या मुलाला भेटायला निघणार होती. दारात तीच होती, घरातल्या साध्या कपड्यांत. बायको बाजूला झाली. मी उठून उभा राहिलो. 

मी बोलायला तोंड उघडलं तसा तिने हात वर केला. मग स्वतःच्या कानाला बोट लावून दाखवलं. मला कळेना. तिने टेबलावरचं वर्तमानपत्र ओढून समासात लिहिलं, मशीन लावा, मला मोठ्याने बोलायचं नाही, आई घरात आहे.

मी कपाट उघडलं. मशीन डबीत होतं, बॅटरी बहुतेक गेलेली. तिने ड्रॉवरमधलं नवीन पाकीट शोधलं, तिनेच आणून ठेवलेलं. बॅटरीही तिनेच घातली. मशीन कानात बसवताना जोरात शिट्टी वाजली आणि आम्ही तिघंही दचकलो. मग शिट्टी थांबली आणि मला पंख्याचा, रस्त्यावरच्या रिक्षाचा आणि तिच्या श्वासाचा आवाज ऐकू आला.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही खोटं काहीच बोलला नाहीत."

तिचा आवाज इतका लहान असेल असं मला वाटलं नव्हतं.

"पण तुम्ही आकडीपासून सुरुवात केलीत. मी तिथे शेवटी येणार होते. आधी सांगणार होते की मी एकटी चाळीस मुलांना सहलीला घेऊन जाते. सकाळी पोहायला जाते, डॉक्टरांना विचारून. बी.एड. मी गोळ्या घेत घेतच केलं. हे सगळं सांगून झाल्यावर, मग ते. त्यानंतरही तो नाही म्हणाला असता तर चाललं असतं. तो मला नाही म्हणाला असता. आता तो आकडीला नाही म्हणालाय. मला त्याने ऐकलंच नाही."

मी म्हणालो, "चुकलो बाळा." ते मोठ्याने निघालं. मशीनमधून माझा स्वतःचा आवाज माझ्या डोक्यात आदळला आणि मी खाली बसलो. एवढा आवाज घेऊन मी त्या दिवशी आतल्या खोलीत हळूच बोललो होतो.

तिने बॅटरीचं पाकीट परत ड्रॉवरमध्ये ठेवलं. "ते वाक्य माझं होतं, काका," असं म्हणाली. मग दाराकडे जाता जाता वळली. "आई विचारतेय कोणी सांगितलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. तुम्हीही सांगू नका. दुपारी आईला काकूंशिवाय बोलायला कोणी नसतं."

दार ओढून घेऊन ती गेली. जिचं गुपित मला तीन दिवस ठेवता आलं नाही, ती माझं गुपित कायमचं ठेवून गेली. बायको माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. मला वाटतं मी रडलो. आवाज न करता रडायचा प्रयत्न केला, तो जमला की नाही ते बायकोलाच माहीत.

तेव्हापासून मशीन मी सकाळी उठल्याबरोबर लावतो. शेजारचं येणंजाणं तसंच आहे. वाटीभर आमटी इकडून जाते, तिकडून शिरा येतो. मुलीची आई मला दादा म्हणते, आणि ती दादा म्हणाली की मला अजून मान वर करता येत नाही. मुलगी फोनवर बोलायला गच्चीवर जायला लागली होती. काही महिन्यांनी, उन्हाळ्यात, पुन्हा एक स्थळ आल्याचं तिच्या आईनेच सांगितलं. चौकशीला आलंच कोणी तर काय करायचं ते मी ठरवून ठेवलंय. मुलीलाच विचारा म्हणून सांगायचं आणि दार लावायचं.

गच्ची तापलेली असते म्हणून असेल, एका संध्याकाळी ती ड्राय बाल्कनीत आली. मी आमच्या बाजूला दोरीवरचे कपडे काढत होतो. भिंतीपलीकडून आवाज आला.

"मला एक गोष्ट सांगायची आहे. आधी पूर्ण ऐकून घ्या."

ते वाक्य माझ्या कानाने मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ती थांबली. घसा खाकरला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी मशीन कानातून काढलं, खिशात टाकलं आणि कपडे तसेच दोरीवर ठेवून आत आलो.

"काय म्हणतेय हो ती?" बायकोने नुसते ओठ हलवून विचारलं.

"मला कुठे ऐकू येतं," मी म्हणालो.

बायकोने माझ्या रिकाम्या कानाकडे बघितलं. मग उठून तिने बाल्कनीचं दार लावून घेतलं.