तीन एकाच्या आधी

भानुमती पाटणकर यांनी केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्यभर सेवाज्येष्ठता याद्या केल्या. कोण कोणाच्या आधी, हे त्या लिहीत. मग दुखावलेली मंडळी कोर्टात जात, आणि कोर्ट सांगे की बाई बरोबर आहेत. निवृत्तीनंतर फरीदाबादला आल्या आणि एका संख्येच्या मागे लागल्या.

संख्या अशी हवी: एक ते नऊ हे अंक प्रत्येकी एकदाच. पहिल्या दोन अंकांची संख्या दोनने नि:शेष भागली जावी, पहिल्या तिनांची तीनने, असं करत अख्खी संख्या नऊने.

त्यांच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहणारी, यूपीएससी करणारी परभणीची क्षिप्रा म्हणाली, "काकू, कम्प्यूटर क्षणात सांगेल."

"उत्तर सांगेल गं. मला कारण हवंय."

पाचव्या जागी पाचच येणार, सम जागांवर सम अंकच बसणार, असं करत त्यांनी हजारो संख्या बाद केल्या. उरलेल्या मोजक्या संख्या सातने भागण्याच्या कसोटीत पडल्या. म्हणजे अशी संख्याच नाही. मराठी मंडळाचे सचिव अविनाश साठे यांनी व्याख्यान जाहीर करून टाकलं: 'नसलेली संख्या'.

व्याख्यानाच्या दिवशी सकाळी चहा पिता पिता क्षिप्राने कागद पाहिला. "काकू, सुरुवातीला १८३ घेतलंत. ३८१ का नाही?"

"तीन एकाच्या आधी कसा येईल?"

"अहो, तो अंक आहे. नोकरीला लागलेला नाही."

भानुमतीबाईंनी चहा बाजूला ठेवला. पहिल्या आणि तिसऱ्या जागेच्या प्रत्येक जोडीत त्यांनी धाकटा अंकच आधी लिहिला होता. ३८१ घेऊन पुढे गेल्या, तर सातने पूर्ण भाग गेला. मग आठने. मग नऊने. ३८१६५४७२९.

साठ्यांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, टेन्शन नको. विषय बदलू. दिल्लीतल्या जुन्या गणेशोत्सवाच्या आठवणी सांगा, लोकांना बिल्कुल चालतं."

"लोकांना चालेल हो," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी फळ्यावर आधी आपली चूक लिहिली आणि ती का झाली तेही सांगितलं. सभागृहातले निवृत्त अंडर सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनीही तेच केलं असतं. मग बाईंनी नवा दावा मांडला: अशी संख्या आहे, आणि एकच आहे. सकाळी एक दावा पडला होता. संध्याकाळी दुसराही पडला असता, तर गणेशोत्सवच उरला असता.

सुटलेल्या उलट्या संख्यांचे पहिले सात अंक त्यांनी श्रोत्यांनाच सातने भागायला दिले. एकेकीची बाकी उरत गेली. शेवटची ९८७६५४३. मंडळात एरवी फक्त अल्पोपाहारावर वाकतात तशा माना कागदांवर वाकल्या.

"पाच उरले!" मागून कोणीतरी ओरडलं.

"नक्की?" बाईंनी विचारलं.

तिघाचौघांनी पुन्हा भागलं. पाचच.

भानुमतीबाईंनी दाव्याखाली सही केली. तारीख घातली.