आखाजीनंतरची बस

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, ती सिरीज तुझ्या गल्लीतल्या केसवरचीच ना? त्यातली आई किती भयंकर आहे!" मी म्हटलं, दूध उतू जातंय, मग बोलू. गॅसवर काहीच नव्हतं. तेव्हा टाळलं ते आता क्रमाने लिहिते.

सिरीजमधलं गाव अमळनेर नाही. कुठलं तरी डोंगरातलं आहे, आणि आपल्याकडे कुणी बोलत नाही तसं तिथली माणसं बोलतात. पण सुरुवातीला 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी येते. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिसते, निंबाला बांधलेला झोका दिसतो, सणाला माहेरी आलेली लेक दिसते. आमच्या समोरच्या घरातली मुलगी अकरा वर्षांपूर्वी अशीच आखाजीला आली होती. ती परत गेल्यावर एकोणिसाव्या दिवशी तिच्या नवऱ्याने तिचा गळा दाबला. गल्लीला ओळखायला तेवढं पुरलं.

तुम्ही पाठवलेला मोठा टीव्ही माझ्याकडे, म्हणून दुपारची कामं आटोपून पाच-सहा जणी इथेच बघायला बसत. तिसऱ्या भागात आई लेकीची पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवते आणि आतून कडी लावते. लेक दार वाजवत राहते.

"कशी माय शे ही!" एक म्हणाली.

"नवऱ्याने मारलं ते नंतर. हिने आधीच मारली होती."

"आणि आपण इतकी वर्षं समोर जाऊन हिच्या हातचं हळदी-कुंकू लावून घेतलं, बरं का!"

"तरीच दारातल्या निंबाला झोका बांधू देत नाही बया."

मी रिमोट मांडीवर घेऊन ऐकत राहिले.

आखाजीच्या आधी आमच्याकडे बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पाळी लागते. ज्वारीचा घाटा पहाटे शिजवायचा, गरम असतानाच लाटायचा आणि बिबडे उन्हात वाळत घालायचे. हे एकटीचं काम नाही. म्हणून रोज एका घरी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन सगळ्या जातात. यंदा मंगळवारी समोरच्या ताईची, त्याच मुलीच्या आईची, पाळी होती. त्या मंगळवारी कुणीही गेलं नाही. अंगणात खाट मांडलेली, तिच्यावर धुतलेलं धोतर अंथरलेलं, आणि ताई पातेल्याशेजारी फाटकाकडे बघत बसलेली. घाटा गार झाला की लाटताना चिरतो, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक. मी हे सगळं खिडकीतून पाहिलं. मीही गेले नाही, हेसुद्धा लिहायला हवं.

आता खरं काय घडलं ते. कुणी कडी लावली नव्हती. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या आखाजीला मुलीने दंडावरचे काळेनिळे डाग आईला दाखवले. आई तिला घेऊन माझ्याकडे आली, कारण गल्लीतले अर्ज मीच लिहायची. तिने विचारलं, "बाई, ऱ्हाऊ देऊ का हिले आठेच?"

मी नको म्हटलं. आखाजी झाल्यावर लेक माहेरी राहिली की लोक दिवस मोजायला लागतात, असं समजावलं. सासरे शिकलेले आहेत, मी त्यांना पत्र लिहिते, म्हटलं. दोन पानी पत्र लिहिलं, सुवाच्य अक्षरात, एकही कठोर शब्द न वापरता. माझ्या पत्रांनी लोकांच्या अडलेल्या बदल्या झाल्या होत्या, पेन्शनी सुटल्या होत्या. सासऱ्यांनाही ते पटेल याची मला खात्री होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाकीट पिशवीत देऊन ताईने लेकीला धुळ्याच्या बसमध्ये बसवलं.

खटला संपल्यावर मुलीची पिशवी परत मिळाली. ताईने त्यातलं माझं पाकीट मला आणून दिलं. ते फोडलेलंसुद्धा नव्हतं. कोर्टात तिने "मीच धाडली" एवढंच सांगितलं होतं. माझं नाव तिने कुठेच घेतलं नाही.

बुधवारी दुसऱ्या घरची पाळी होती. लाटता लाटता मी हात थांबवला आणि हे सगळं सांगितलं. लाटण्यांचा आवाज थांबला.

"तुम्ही भल्यासाठीच सांगितलं असेल, बाई."

"मनात कुणाच्या काय आहे, पत्र लिहिणाऱ्याला कसं कळणार?"

"आणि तुम्ही काय तिची आई होत्या?"

एकीने घाट्याचा गोळा तेलात बुडवून खायला माझ्या हातावर ठेवला. मला माफ करायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. मी म्हटलं, "मग तिलाही करा." एक म्हणाली, "तिची गोष्ट वेगळी," आणि लाटणी पुन्हा सुरू झाली. तो गोळा मी तसाच ताटलीत ठेवून दिला.

संध्याकाळी मी समोर गेले. कालचा घाटा ताईने शेजारच्या गाईला घातला होता. मी गल्लीत सांगून टाकलं, हे तिला सांगितलं.

"कशाले सांगं, बाई? तुम्ही चिठ्ठी लिखी दिन्ही. धाडी ते मीच ना."

सिरीज तिने पाहिलेली नाही. तिने विचारलं, पोरगी बसमध्ये बसताना दाखवली आहे का? ताई म्हणाली, बस निघाली तेव्हा ती खिडकीतून हसली होती, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून. मी म्हटलं, ते त्यात नाही.

"बरं झालं," ती म्हणाली.

त्या सिरीजखाली तुम्ही इंटरनेटवर आईबद्दल जी ओळ लिहिली आहे आणि कौतुकाने मला पाठवली होती, ती काढून टाका. शक्य असेल तर आजच.

ताईने पुन्हा ज्वारी भिजत घातली आहे. भिजून, दळून ती तयार झाली की आम्ही दोघीच लाटायला बसणार. घाटा गार व्हायच्या आत दोघींच्याने तो संपत नाही. जेवढे होतील तेवढे.